टोचल्यानंतरचे दोन तास

मामा : ऑपरेशनच्या आधी प्रत्येक पेशंटची एचआयव्हीची तपासणी मी कित्येक वर्षं करतोय आणि यापुढेही करणार. सरकारी नोकरीत बसून तू मला कायदा शिकवू नकोस.

भाची : कायदा राहू द्या बाजूला. मला एवढंच सांगा मामा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तुमच्या ओटीत काय बदलतं?

मामा : सगळं बदलतं. तो पेशंट लिस्टमध्ये शेवटी जातो. दोन-दोन हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, प्लास्टिकचा एप्रन, डिस्पोजेबल गाऊन. सिस्टर सुई माझ्या हातात देत नाही, ट्रेमध्ये ठेवते, मी ट्रेमधून उचलतो. प्रत्येक जण सावध असतो.

भाची : आणि निगेटिव्ह आला तर?

मामा : मग काय, नेहमीसारखं.

भाची : म्हणजे एकच हातमोजा, चष्मा खिशात आणि सुई हातोहात. माझं भांडण तुमच्या तपासणीशी कमी आणि या ‘नेहमीसारखं’शी जास्त आहे.

मामा म्हणजे तालुक्याच्या गावी वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारे सर्जन. भाची आधी महाराष्ट्रातल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर होती, आता जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आहे. ही दोन माणसं मी लिहिण्यासाठी उभी केली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र उसने नाहीत. दवाखान्यांच्या व्हरांड्यात, ड्यूटी बदलताना, चहाच्या टपरीवर हेच बोलणं चालतं आणि दर वेळी अर्ध्यावर तुटतं. ते एकदा पुरतं व्हावं असं मला वाटत होतं.

मामा : निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. तिथे अंतराळवीरासारखा पोशाख घालून करू काय?

भाची : संसर्ग नुकताच झाला असेल तर पहिले काही आठवडे तपासणीत काही दिसतच नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो. तो माणूस तुमच्याकडे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन येणार आणि तुम्ही चष्मा काढून ठेवणार. दुसरीकडे जो कित्येक वर्षं रोज न चुकता एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी, गोळी घेतोय, त्याच्या रक्तात विषाणू मोजायलासुद्धा सापडत नाही. त्याच्या फाइलवर मात्र लाल स्टिकर.

मामा : अपवाद सांगतेस. शंभरातल्या किती केसेस अशा असतील?

भाची : मग हिपॅटायटिस बी धरा, तो अपवाद नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर संसर्ग होण्याची शक्यता हजारात तीन. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर त्याहून कमी, हजारात एकाच्या आसपास. हिपॅटायटिस बीची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. घाबरतो आपण एकाला आणि गाठतो दुसराच. रिपोर्ट बघून सावध होणाऱ्या ओटीत हे सगळे आजार एकाच दारातून आत येतात.

मामा : हजारात तीन हा आकडा कागदावर ठीक आहे. ज्याला टोचते त्याला तो आकडा दिसत नाही, बायको-मुलं दिसतात. आम्ही रेसिडेंट होतो तेव्हा एचआयव्हीवर औषधच नव्हतं म्हटलं तरी चालेल. कुणाला सुई टोचली की बोट पिळून पिळून रक्त काढायचं, स्पिरिटच्या वाटीत बुडवायचं आणि मग सहा महिने गप्प बसायचं. घरी सांगायचं नाही, साहेबांना तर नाहीच नाही. ते सहा महिने मी जवळून पाहिलेत. म्हणून मी तपासणी करतो. मला माझी माणसं त्यात ढकलायची नाहीत.

हे मला मामांच्या तोंडून येणं गरजेचं वाटलं, कारण तपासणीचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरांना आपण सरसकट निष्ठुर ठरवून मोकळे होतो. त्यातले बरेच जण स्वतः घाबरलेले असतात आणि हाताखालच्या माणसांची काळजी त्यांना खरोखर असते. ती काळजी चुकीच्या जागी खर्च होते, एवढंच.

भाची : पिळायचं नाही आणि स्पिरिटही लावायचं नाही, मामा. दोन्हींनी ऊतीला इजा होते, फायदा काही होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. बोट तोंडात घालायचं नाही. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवायचं. आणि मग घड्याळाकडे बघायचं.

मामा : तुला टोचलीय का कधी?

भाची : टोचलीय.

मामा : हे तू कधी बोलली नाहीस.

भाची : तुमच्या वेळचे रेसिडेंट बोलत नव्हते, तशीच मीही बोलले नाही. घाटातली केस होती, ट्रक आणि मोटरसायकल. स्ट्रेचरवरच्या मुलाचं बीपी पडत चाललेलं, शीर सापडत नव्हती. तिसऱ्या खेपेला व्हेनफ्लॉनची नळी शिरेत गेली. आतली सुई ओढून काढली, डाव्या हाताचं बोट शिरेवर दाबून धरलं होतं, आणि तेवढ्यात गाडी चालवणाऱ्या पायलटने वळणावर ब्रेक दाबला. उजव्या हातात रक्ताने भरलेली पोकळ सुई, आणि सुया टाकायचा पांढरा डबा सीटखाली मागे सरकलेला. हातमोज्यातून आरपार गेली, डाव्या अंगठ्याच्या खाली. हातमोज्याच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना दिसला.

मामा : मुलगा?

भाची : दवाखाना यायच्या आधीच गेला. खिशात लायसन्स होतं, रक्ताचा रिपोर्ट नव्हता.

मामा : तेव्हा तुला कळावंसं वाटलंच असेल ना, की याला काय होतं, काय नव्हतं?

भाची : जीव तुटून वाटलं.

मामा : मग तीच गोष्ट मी आधी करतो. तुला नंतर हवी होती, मला आधी हवी आहे. अमेरिकेत १९९० सालीच कायदा झाला, अग्निशमन दल आणि अॅम्ब्युलन्सच्या लोकांना रुग्णाच्या संसर्गाबद्दल विचारायचा हक्क देणारा. २००६ मध्ये ते कलम वगळलं गेलं, तर पुन्हा २००९ मध्ये आणावं लागलं. आपल्याकडे मात्र डॉक्टरने विचारलं की तो भेदभाव!

भाची : तो कायदा मीही वाचलाय. संपर्क झाल्यावर विचारायचा हक्क आहे, गाडीत घ्यायच्या आधी नाही. आणि दवाखान्याकडे जी माहिती असेल ती द्यायची, त्यासाठी रुग्णाची जबरदस्तीने तपासणी करायची नाही. तेवढी सोय आपल्याकडेही हवी, याला माझा पाठिंबा आहे. सुई टोचल्यावर रुग्णाला नीट समजावून, त्याची संमती घेऊन तपासणी करावी, आणि निकाल ज्याला टोचली त्याच्या उपचारापुरता वापरावा. बहुतेक रुग्ण हो म्हणतात. आपण विचारतो कसं, यावर ते असतं. पण त्या रात्री मला त्या मुलाच्या रिपोर्टपेक्षा दुसऱ्या गोष्टीची गरज जास्त होती.

मामा : कशाची?

भाची : गोळीची. कॅज्युअल्टीत गेले तर सांगितलं, एआरटी सेंटर सकाळी नऊला उघडतं, तेव्हा या. वेळ होती रात्री साडेअकराची. ड्रेसिंगरूममध्ये बसून मी तास मोजत होते. तिथे अख्खी शस्त्रक्रिया करता येत होती, एक गोळी मिळत नव्हती.

या ठिकाणी वादाची दिशा बदलते आणि माझ्या मते त्याचा गाभाही इथेच आहे. सुईतून आत गेलेला विषाणू लगेच अंगभर पसरत नाही. आधी तो त्या जागेजवळच्या पेशींत शिरतो, तिथून लसिकाग्रंथींत जातो आणि मग रक्तात. यात काही दिवस जातात. औषधाला जी संधी आहे ती याच दिवसांत. म्हणून पहिली मात्रा शक्य तर दोन तासांच्या आत द्यायची, काही झालं तरी ७२ तासांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, आणि औषध २८ दिवस घ्यायचं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. १९९८ साली माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एचआयव्हीच्याच कुळातला विषाणू शिरेतून दिल्यानंतर २४ तासांत टेनोफोविर सुरू करून २८ दिवस दिलं, ती सगळी माकडं वाचली. दहा दिवसांत थांबवलं त्यांतली निम्मी वाचली, तीन दिवसांत थांबवलं त्यांतलं एकही नाही. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, पण १९९७ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. एकट्या झिडोव्हुडीनने संसर्गाची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. जखम खोल होती का, सुईवर रक्त दिसत होतं का, सुई शिरेत किंवा धमनीत होती का, रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यात होता का, या चार गोष्टींनी धोका वाढतो हेही त्याच अभ्यासात पुढे आलं. घाटातल्या त्या सुईला यातल्या दोन गोष्टी तर नक्कीच लागू होत्या.

मामा : मग मिळाली की नाही गोळी?

भाची : तिथल्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्यांनी फोन करकरून मिळवून दिली. तोवर पहाट झाली होती. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन, डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही मिळून दिवसाला एकच गोळी. पूर्वीच्या औषधांनी इतकी मळमळ व्हायची की लोक मधेच सोडायचे. हिचा मला फारसा त्रास नाही झाला. पण ती बाटली स्वयंपाकघरात ठेवायची की कपाटात लपवायची, हा प्रश्न मला २८ दिवस पडत होता. सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. सगळ्या निगेटिव्ह.

मामा : देवाची कृपा.

भाची : त्या सिस्टरची.

मामा : बरं, गोळीचं मान्य. ती मी उद्याच ओटीत ठेवतो. पण त्याने माझी तपासणी चुकीची कशी ठरते? दोन्ही करू की. पेशंटला कळलं तर त्याचंही भलंच आहे, उपचार लवकर सुरू होईल.

भाची : त्याला विचारून, समजावून केली तर भलंच आहे. तुम्ही विचारता का? दाखल होतानाच्या फॉर्मवर सही घेता, ‘सर्व तपासण्यांस संमती’. नंतर नातेवाइकांसमोर रिसेप्शनवरची मुलगी सांगते, किटचे वेगळे पैसे पडतील. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहितीपूर्वक संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, आणि ‘तपासणी केलीत तरच उपचार’ अशी अट घालायची नाही, दोन्ही त्यात स्पष्ट आहे.

मामा : किटचे पैसे मी खिशात घालत नाही. गाऊन, ड्रेप सगळं लागतं.

भाची : ते प्रत्येकाला लागतं, मामा! म्हणूनच तर भांडतेय. आणि हे स्टिकर लावून तुमची सुरक्षितता वाढत नाही, घटते. बाजूच्या खाटेवरच्याला, वॉर्डबॉयला, गावाला कळणार म्हटल्यावर माणूस आजार लपवणार. एआरटीच्या गोळ्या घरी ठेवून तुमच्याकडे येणार, मात्रा चुकवत राहणार. रक्तातला दाबून ठेवलेला विषाणू डोकं वर काढेल तो तुमच्याच टेबलावर. गोव्यात १९८९ साली काय झालं? डॉमिनिक डिसूझा रक्तदाता होता. त्या रक्तात एचआयव्ही सापडला, पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. आईला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर आपण होऊन तपासणीला कोण गेलं असेल?

मामा : तो काळ वेगळा होता. लोकांना काही माहीत नव्हतं.

भाची : आज माहीत आहे. २००४ पासून जे. जे. रुग्णालयासारख्या ठिकाणी फुकट औषध मिळायला लागलं, आता जिल्ह्याजिल्ह्यात मिळतं. तरी स्टिकर लाल ते लालच.

मामा यावर बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला मी हार म्हणणार नाही, कारण पुढे त्यांनी जे विचारलं त्याला भाचीकडे पुरतं उत्तर नव्हतं.

मामा : समज, गोळ्या घेतल्या, सगळं केलं, तरी हजारातल्या त्या तिघांत माझी सिस्टर निघाली. मग? तिला कोण बघणार? सरकारी नोकरी असेल तर रजा मिळेल, बदली मिळेल. माझ्याकडची मुलगी, तुझ्या अॅम्ब्युलन्सवरचा कंत्राटी पायलट, यांना काय मिळेल? संसर्ग कामावर झाला हे ती सिद्ध कशी करणार? आधीच रक्त तपासलेलं नसेल तर मालक म्हणेल, तू बाहेरून आणलास. आणि सर्जनला झाला तर त्याच्याकडे पेशंट राहील का? तू कायदा सांगतेस, पेशंट कायदा वाचून डॉक्टर निवडत नाही.

भाची : हे खरं आहे. म्हणूनच टोचल्या टोचल्या त्या कर्मचाऱ्याचं स्वतःचं रक्त तपासायचं, बेसलाइन म्हणून, आणि रजिस्टरला लेखी नोंद करायची. ती नोंद हाच पुरावा. माझी नोंद कुठेच नाही. मी केली नाही.

मामा : का?

भाची : ‘हलगर्जीपणा केला’ असा शेरा येईल म्हणून. सुई टोचली की पहिला प्रश्न येतो, तुझं लक्ष कुठे होतं? डबा कुठे होता, हे कुणी विचारत नाही.

मामा : आमच्याकडेही रजिस्टर आहे. गेल्या वर्षी त्यात एकही नोंद नाही. मला वाटायचं, चांगलं चाललंय.

भाची : वीस खाटा, रोजची ऑपरेशनं आणि वर्षात एक सुई टोचली नाही? मामा, ते रजिस्टर कोरं नाही, घाबरलेलं आहे. तुमच्या मावशींना विचारा.

मामा : कोणत्या मावशी?

भाची : ओटीचा कचरा उचलतात त्या. त्यांना कधी टोचली का, विचारलंत? पिशवी उचलताना मांडीला घासते. आत कुणी टोपण लावायच्या घाईत फेकलेली सुई असते. ती कुठल्या पेशंटची, कुणालाच ठाऊक नसतं. तुमचा एवढा सगळ्यांची तपासणी करायचा खटाटोप मावशींच्या कामाला कसा येणार? लाल स्टिकरवाल्या पेशंटची सुई आणि बिनस्टिकरची सुई एकाच पिशवीत गेली.

मामा : पिशवीत जायलाच नको. पांढरा डबा आहे ना.

भाची : डबा एकच, तोही सिंकखाली. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात, सुया पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात. डबा वापरणाऱ्याच्या हाताशी हवा, पाऊण भरला की बंद करायला हवा. तुमच्या सिस्टर टोपण परत लावतात कारण डबा सहा पावलं लांब आहे. उघडी सुई घेऊन सहा पावलं चालायचं म्हणजे तिला टोपण लावणंच सुरक्षित वाटणार, आणि दोन हातांनी टोपण लावतानाच सर्वांत सोपं टोचून घेणं. मावशींचं हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन झालंय का?

मामा : डॉक्टर आणि सिस्टरांचं झालंय.

भाची : मावशींचं?

मामा : त्या एजन्सीच्या आहेत.

हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या दवाखान्यांत इतक्या वेळा ऐकलंय की ते लिहितानाही राग येतो. एचआयव्ही कायद्याचं एकोणिसावं कलम संस्थेत काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सगळ्या माणसांना सार्वत्रिक खबरदारीची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि संपर्कानंतरचं औषध द्यायला सांगतं. पगार कोण देतं, हा प्रश्न त्यात नाही. दवाखान्याबाहेरही ज्या कामात हा धोका मोठा आहे, तिथेही ते लागू आहे. चेपलेल्या गाडीचा पत्रा कापून माणूस बाहेर काढणारा अग्निशमन दलाचा जवान, मुंबईत रुळांवरून जखमींना स्ट्रेचरवर उचलून आणणारे हमाल, पंचनाम्याला उभा राहणारा रेल्वे पोलिसांचा शिपाई, यांच्या हातांनाही तेच रक्त लागतं. काचा आणि पत्र्यापुढे दवाखान्यातला पातळ हातमोजा टिकत नाही, त्यांना वरून जाड मोजा लागतो. त्यांच्यापैकी कुणाच्या पुढ्यात कधी कुणाचा रिपोर्ट येत नाही. मामांची पद्धत त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही, आणि माझा कौल भाचीच्या बाजूने जातो तो मुख्यतः या कारणाने.

मामा : अमेरिकेत आता टोचू न शकणाऱ्या सुया आल्यात म्हणतात. वापरली की टोक आपोआप झाकतं.

भाची : २००० सालच्या कायद्यानंतर तिथे दवाखान्यांना अशी साधनं आणावी लागली. कामावर एचआयव्ही झाल्याच्या पक्क्या नोंदी २०१३ पर्यंत ५८ होत्या. १९९९ नंतरची त्यात एकच, तीही प्रयोगशाळेत जिवंत विषाणूवर काम करणाऱ्याची. एकट्या सुईमुळे नाही हे झालं, औषधं होती, रुग्णांचे उपचार सुधारले होते. पण सुईही होती.

मामा : त्या सुईची किंमत बघितलीस? आपल्याकडच्या पेशंटला ती परवडायची नाही.

भाची : सगळीकडे नको. शिरेत जाणाऱ्या पोकळ सुयांपुरती आणा, धोका तिथे जास्त आहे. आणि एचआयव्हीच्या नावाने एका पेशंटकडून जे किटचे पैसे घेता, ते बंद करा. सगळ्यांच्या बिलात थोडे थोडे विभागून टाका.

मामा : म्हणजे शंभर जणांनी भरायचं?

भाची : हातमोजे शंभर जणांसाठी आहेत.

मामा : हिशोब करून बघतो. पण तपासणी मी बंद करणार नाही, सांगून ठेवतो. मोठ्या ऑपरेशनला मला कळायलाच हवं.

भाची : बंद करू नका. समोर बसवून विचारा, नाही म्हणाला तरी ऑपरेशन करा, आणि रिपोर्ट फाइलच्या आत ठेवा.

मामा : नाही म्हणाला तरी?

भाची : नाही म्हणाला तरी. तो मुलगा कुठे हो म्हणाला होता? म्हणून मी त्याला रस्त्यावर सोडणार होते का?

मामा : ती गोष्ट वेगळी. तिथे जीव जात होता. माझ्याकडे हर्नियाचा पेशंट चालत येतो.

भाची : सुईला दोघांचं रक्त सारखंच लागतं.

मामा : हे मला पटत नाही अजून. बोलू परत. ती गोळी रात्री कुठून मिळेल ते सांग आधी.

भाची : एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून पहिल्या काही दिवसांच्या मात्रा तुमच्या ओटीच्या कपाटात ठेवून घेऊ. कुलूप लावायचं नाही. एक्सपायरीची तारीख बाहेर लिहायची, सिस्टर आणि मावशी दोघींना जागा दाखवायची. मावशींच्या हिपॅटायटिसच्या लशीचा पहिला डोस या आठवड्यात द्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

मामा : एजन्सीवाला पैसे देणार नाही.

भाची : तुम्ही द्या.